डिमेन्शिया झालेल्या आत्याकडे जातो, पण भेट होत नाही

कृष्णाकाठ | २३ सप्टेंबर, रात्री ११.४०

इथे बरीच वर्षं वाचतोय, धागा पहिल्यांदाच काढतोय. विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

माझी आत्या मिरजेला असते. वय ८१. आई सतत आजारी असायची म्हणून पाचवी ते दहावी मी आत्याकडे राहिलो. ती शिवणाचे क्लास घ्यायची. माडीवर चार पायमशिनी, भिंतीला खाकी कागदावरची कटिंग टांगलेली आणि दुपारी दोनपासून बायका-मुलींचा राबता. सुरुवात परकर-पोलक्याने. बिनचुणीची बाही जोडता आली की मग ती मुलगी आत्याच्या मते 'हाताला आली'. माझे शाळेचे गणवेश तिनेच शिवलेले, वाढत्या अंगाचे, आत दोन इंच कापड दुमडून. दर जूनला ती दुमड उसवून खाली सोडायची.

चार वर्षांपूर्वी तेच तेच विचारणं सुरू झालं. दूध गॅसवर ठेवून विसरणं सगळ्यांचंच होतं, म्हणून कुणी मनावर घेतलं नाही. मग एक दिवस ती मशीनवर बसली आणि दोरा कुठून कुठे ओवायचा तेच तिला सुचेना. आत्तेभावाने डॉक्टरांना दाखवलं, तपासण्या झाल्या, अल्झायमर निघाला, म्हणजे डिमेन्शियाचाच एक प्रकार.

मी डोंबिवलीला. दोन-तीन महिन्यांनी रात्रीच्या महालक्ष्मी एक्स्प्रेसने निघायचो, सकाळी मिरज, त्याच दिवशी परत. आधी तिला माझं नाव सापडेना. मग ती मला 'अण्णा' म्हणू लागली. अण्णा म्हणजे माझे वडील, तिचा थोरला भाऊ. ते २०११ मध्येच गेले. जूनमध्ये गेलो तेव्हा समोर बसलो आणि नेहमीसारखं विचारलं, "आत्या, ओळख बघू मी कोण?" तिने बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. मग पदर सावरून आत हाक मारली, "अगं, पाहुणे आलेत, चहा टाक." मी म्हटलं, "पाहुणा कसला गं, मी आहे. तू वाढवलंस मला." दोनदा म्हटलं, तीनदा म्हटलं. ती घाबरली. पदराचं टोक पिळत राहिली आणि रडायलाच लागली. वहिनींनी तिला आत नेलं.

त्यानंतर मी गेलेलो नाही. परवा २१ तारखेला जागतिक अल्झायमर दिन म्हणून घरच्या ग्रुपवर मेसेज आले. मी एका मेसेजला अंगठा दिला आणि मग रात्रभर झोप लागली नाही.

विचारायचं आहे ते हे. माझ्या जाण्याने तिला त्रास होत असेल तर जावं का? मी दारातून बाहेर पडताच ती विसरणार असेल तर जाऊन तिला काय मिळतं? आणि गेलो तर तिथे बसून करायचं काय? ज्यांच्या घरात हे आहे त्यांनी कृपया लिहा.

रातराणी | २४ सप्टेंबर, सकाळी ७.१५

तुमचं वाचताना आईच्या खोलीत परत जाऊन आले. आई सहा वर्षं या आजारात होती, मागच्या वर्षी गेली.

'ओळखलंस का?' हा प्रश्न आमच्याकडे येणारा प्रत्येक माणूस विचारायचा. मामा, शेजारच्या काकू, आईच्या शाळेतल्या बाई. प्रेमानेच विचारायचे. पण आईच्या बाजूने बघा. दिवसातून दहा वेळा कुणीतरी समोर येऊन बसतं आणि तोंडी परीक्षा घेतं, आणि ती प्रत्येक वेळी नापास होते. काय चुकलं ते तिला कळत नाही, पण आपण चुकलो हे मात्र समोरच्याच्या चेहऱ्यावरून कळतं. तुमची आत्या त्यालाच घाबरली असेल, तुम्हाला नाही.

जा. जरूर जा.

ओटी_ठाणे | २४ सप्टेंबर, दुपारी १.०५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे रुग्णांना रोजची कामं जमावीत म्हणून मदत करते. बारा वर्षं स्मृतिभ्रंशाच्या, म्हणजे डिमेन्शियाच्या रुग्णांबरोबर काम करते. रातराणींनी मुळावरच बोट ठेवलं आहे, त्यात थोडी भर घालते.

अल्झायमरमध्ये साधारणपणे मेंदूचा हिप्पोकॅम्पस हा भाग लवकर खराब होतो. नवी आठवण साठवायचं काम त्याचं. म्हणून सकाळचा नाश्ता आठवत नाही, पण लग्नातली पंगत आठवते. हाताने वर्षानुवर्षं केलेली कामं, चाली, ठेके यांची साठवण मेंदूत वेगळीकडे असते आणि ती बरीच नंतरपर्यंत टिकते. भावना त्याहून चिवट. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. अल्झायमरच्या रुग्णांना आधी दुःखद आणि नंतर आनंदी चित्रफिती दाखवल्या. काय पाहिलं ते रुग्ण लवकरच विसरले, पण मनातलं दुःख किंवा आनंद त्यानंतरही टिकून राहिला. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माझ्या मते यात आहे. तुम्ही आलात हे आत्या विसरेल, पण तुम्ही आल्यामुळे आलेली स्वस्थता तिच्यापाशी काही काळ राहील. आणि जूनमधली भीतीही तशीच राहिली असणार, म्हणून पद्धत बदलायला हवी.

आता 'काय करायचं' याबद्दल. सकाळी आंघोळ-नाश्ता झाल्यावर जा. दिवेलागणीच्या सुमाराला या रुग्णांची बेचैनी पुष्कळदा वाढते, 'घरी जायचं' असा धोशा सुरू होतो. आत गेल्यावर टीव्ही बंद करा. तिचा चष्मा डोळ्यांवर आहे का, कानाचं यंत्र असेल तर ते चालू आहे का ते पाहा. न ऐकू आल्यामुळे आलेला गोंधळ सगळे सर्रास आजारावर ढकलतात. मागून किंवा बाजूने हात लावू नका, समोरून या, तिच्याहून खालच्या पातळीवर बसा आणि नाव-नातं स्वतःच सांगून टाका: "आत्या, मी अमुक. अण्णांचा मुलगा. तुला भेटायला आलोय." सांगितलं की लगेच दुसऱ्या विषयावर जा. ती अण्णा म्हणाली तर म्हणू दे. एका वेळी एकच वाक्य बोला आणि मग थांबा. मनात दहा आकडे मोजा. आपल्याला ती शांतता फार लांब वाटते, पण तिचं उत्तर त्या शांततेच्या पलीकडून येत असतं.

आणि 'आठवतं का' हे शब्द सोडून द्या. "आठवतं का, आपण ज्योतिबाला गेलो होतो?" याऐवजी "ज्योतिबाला काय गुलाल उधळतात!" असं म्हणा. तिला काही सुचलं तर ती जोडेल, नाही सुचलं तरी ती हरत नाही.

सातवाहन | २४ सप्टेंबर, रात्री ९.५०

ओटी_ठाणे, फार मोलाचं लिहिलंत.

परीक्षेवरून आठवलं. या आजाराला ज्यांचं नाव मिळालं त्या डॉक्टर अलोइस अल्झायमर यांच्यासमोर १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या रुग्णालयात ५१ वर्षांची एक बाई आली, ऑगुस्ट डेटर. त्यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिची उत्तरं लिहून ठेवली. नाव विचारलं, तिने 'ऑगुस्ट' सांगितलं. आडनाव विचारलं, 'ऑगुस्ट'. नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हाही 'ऑगुस्ट'. ती गेल्यावर १९०६ मध्ये तिच्या मेंदूची तपासणी करून त्यांनी हा आजार मांडला. प्रश्न विचारणं त्यांचं कामच होतं. आपण घरची माणसं तेच काम का करत बसतो, हा विचार तुमच्या धाग्यामुळे पहिल्यांदा मनात आला.

माझी अडचण वेगळी आहे. माझी आई नाशिकला भावाकडे असते. वडील जाऊन सहा वर्षं झाली. मी गेलो की ती विचारते, "हे अजून कसे आले नाहीत?" मी खरं सांगतो. तीन वेळा सांगितलं, तिन्ही वेळा ती पहिल्यांदाच ऐकल्यासारखी कोसळली. पण तिच्याशी खोटं बोलायला माझी जीभ उचलत नाही. आयुष्यभर तिने आम्हाला खोटं बोलू दिलं नाही. तुम्ही लोक काय करता?

पेन्शनर | २५ सप्टेंबर, सकाळी ६.३०

सातवाहन, मी ७४ वर्षांचा आहे. माझ्या थोरल्या बंधूंना हा आजार आहे. आमच्या वहिनी गेल्याचं मी त्यांना एकदा सांगितलं. त्यानंतर "माहेरी गेलीय, येईल" एवढंच सांगतो. ते म्हणतात, "आंबे संपायच्या आत ये म्हणावं." माझ्या मनाला याची टोचणी नाही. माणसाला किती वेळा विधुर करायचं?

रातराणी | २५ सप्टेंबर, सकाळी ८.४०

मी मधली वाट धरायचे. आईने "बाबा कुठे?" विचारलं की मी म्हणायचे, "बाबांची आठवण येतेय ना तुला?" ती हो म्हणायची. मग "बाजारातून येताना काय आणायचे गं ते?" असं विचारायचे. तिला माणूस कुठे आहे याचा पत्ता नको असायचा, त्याच्याबद्दल बोलायला हवं असायचं. दर वेळी जमायचं असं मात्र नाही. कधी ती हट्टाने दारापाशी जाऊन उभी राहायची. मग चपला घालून खाली एक चक्कर मारून यायचो.

घरचीच | २५ सप्टेंबर, रात्री ११.५५

सगळे प्रतिसाद वाचले, चांगले आहेत. पण मला थोडं वेगळं बोलायचं आहे. कडू लागलं तर माफ करा.

मी सून आहे. सासूबाईंना सात वर्षं झाली. रात्री तीन-तीनदा उठते. डायपर बदलताना त्या मला मारतात. त्या मला ओळखत नाहीत, 'ही बाई माझ्या बांगड्या चोरते' म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात. नणंद, दीर, भाचे, पुतणे येतात. अर्धा तास बसतात, त्यांच्यासमोर सासूबाई गोड हसतात, आणि जाताना दारात मला ऐकायला मिळतं, "छान आहेत की! तू उगाच काळजी करतेस." नाहीतर "बदाम भिजवून देत जा." नाहीतर "केस का कापलेस गं त्यांचे?" केस कापले कारण त्या विंचरू देत नाहीत आणि जटा झाल्या होत्या.

कृष्णाकाठ, तुम्ही एवढं लिहिलंत, आत्याचे डोळे, आत्याचा पदर. तुमच्या वहिनींबद्दल एकच वाक्य आहे, 'वहिनींनी तिला आत नेलं'. त्यानंतर त्या रडणाऱ्या आत्याला वहिनींनी कसं शांत केलं असेल? किती वेळ लागला असेल? तुम्ही त्यांना फोन केलात का?

मिठाई नेऊ नका. तीन तास न्या. "वहिनी, मी बसतो आत्याजवळ, तुम्ही जाऊन या" असं म्हणा आणि त्या 'नको, राहू दे' म्हणाल्या तरी ऐकू नका. मला सात वर्षांत हे फक्त एका माणसाने म्हटलं, माझ्या चुलत जावेने. मी त्या दिवशी दवाखान्यात जाऊन स्वतःची शुगर तपासून घेतली, तीन महिने राहिली होती.

कृष्णाकाठ | २६ सप्टेंबर, रात्री १०.२०

घरचीच, कडू अजिबात लागलं नाही. तुम्ही म्हणता ते खरं आहे, मी फोन केला नव्हता. आज केला. वहिनी म्हणाल्या, त्या दिवशी रात्री नऊपर्यंत आत्या 'पाहुण्यांना जेवायला वाढा' म्हणून मागे लागली होती. शेवटी रिकामं ताट वाढून दाखवलं तेव्हा झोपली. मला यातलं काही माहीत नव्हतं. दसऱ्याच्या आधीचं तिकीट काढलंय, दोन दिवस राहणार आहे.

मालवणी_नात | २७ सप्टेंबर, दुपारी ३.३०

माझी आजी लग्न होऊन दादरला आली त्याला पंचावन्न वर्षं होऊन गेली. आजोबा शिक्षक, त्यामुळे घरात पुस्तकी मराठी. आजीला मालवणी बोलताना आम्ही नातवंडांनी कधी ऐकलंच नव्हतं. आजार वाढला तशी तिची ती मराठी गेली आणि लहानपणची मालवणी वर आली. आई म्हणायची आजी बडबडते. एकदा सावंतवाडीहून आईची मावसबहीण आली, तिने आजीला विचारलं, "काय गो, जेवलंस?" आणि आजी तिच्याशी तासभर बोलली. ती बडबडत नव्हती. आम्हालाच भाषा येत नव्हती.

आता मी शिकतेय. 'खंय' (कुठे), 'कित्याक' (कशाला), 'इलंस' (आलीस) एवढ्यावरच गाडी आहे, पण आजीला पुरतं. तुमची आत्या घरात लहानपणी कसं बोलायची? माहेरच्या भाषेत, माहेरच्या हाकेने बोलून बघा.

दूरदेशी | २८ सप्टेंबर, पहाटे ४.१०

मालवणी_नात, इथे इंग्लंडमध्ये माझ्या सासूबाईंचं हेच झालं. चाळीस वर्षं इथे नोकरी केली, इंग्रजी उत्तम. आता केअर होममध्ये आहेत आणि फक्त मराठी उरलीय. तिथल्या मुलींना वाटायचं त्या ओरडतायत, त्या 'पाणी' मागत असायच्या. मी एका पुठ्ठ्यावर वीसेक शब्द रोमन अक्षरांत लिहून पलंगाशी लावले: पाणी, दुखतंय, शू, थंडी, नको, बास. उच्चार म्हणून दाखवले. जमैकाची एक नर्स आहे, ती आता रोज सकाळी 'कशा आहात' विचारते आणि सासूबाई तिला 'बस गं जरा' म्हणतात.

व्हिडिओ कॉलचा मात्र माझा अनुभव वाईट. भारतातल्या आईला पडद्यावरचा माझा चेहरा म्हणजे टीव्हीवरची बाई वाटते. ती उत्तर देत नाही. साध्या फोनवर, रिसीव्हर कानाला लावून, ती मला बरोबर ओळखते. आवाज तिच्यापर्यंत पोचतो, चेहरा पोचत नाही. सगळ्यांचं असंच असेल असं नाही, दोन्ही करून बघावं.

पेन्शनर | २८ सप्टेंबर, सकाळी ६.४५

बंधूंची बार्शीला धान्याची आडत होती. त्यांना आज मुलाचं नाव सांगता येत नाही. मी जातो, शेजारी बसतो आणि औटकी सुरू करतो. तरुण वाचकांसाठी सांगतो, औट म्हणजे साडेतीन. आमच्या वेळी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, औटकी अशी सगळी अपूर्णांकांची पाठांतरं शाळेत होती आणि आडतीत तर त्यावरच व्यवहार. मी म्हणतो, "बे औट?" ते म्हणतात, "सात." मी म्हणतो, "बारा औट?" ते लगेच, "बेचाळीस." मीच अडखळतो, ते नाही. सोळा औट छप्पन म्हणताना त्यांचा हात मांडीवर ताल धरतो.

रातराणी म्हणतील ही तर परीक्षाच झाली. पण यात ते नापास होत नाहीत. मी मुद्दाम चुकतो, ते मला सुधारतात आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवतात.

चिंचेची_सावली | २८ सप्टेंबर, सकाळी ११.००

मुलांना न्यावं का याबद्दल कुणी लिहील का? मुलगा सात वर्षांचा आहे. पणजी त्याला 'चोर' म्हणाली तेव्हापासून तो यायला घाबरतो.

रातराणी | २८ सप्टेंबर, दुपारी १२.३०

माझ्या भाचीला आम्ही आधी घरीच सांगितलं होतं: आजीच्या डोक्याला आजार आहे, ती काही बोलली तर ते आजाराचं बोलणं, तिचं नाही, आणि तुला भीती वाटली तर लगेच बाहेर यायची मुभा आहे. मग दोघींमध्ये परातभर मटाराच्या शेंगा ठेवल्या. दोघी सोलत बसल्या. आजी दाणे परातीत टाकायची, भाची तोंडात. बोलणं काहीच नाही. मुलांना बोलल्याशिवाय शेजारी बसता येतं.

कृष्णाकाठ | ९ ऑक्टोबर, रात्री ११.१०

मिरजेहून आलो. जे झालं ते सांगतो.

पहिला दिवस चांगला गेला. समोर खाली बसलो, नाव-नातं सांगितलं. तिने "बरं" म्हटलं. वहिनींना बळजबरीने बाहेर पाठवलं, त्या चार तासांनी आल्या. मी आत्याला माडीवर नेऊ शकत नव्हतो, गुडघे चालत नाहीत, म्हणून जुन्या ट्रंकेतून कापडाचे तुकडे खाली आणले. तिने एकेक तुकडा अंगठा आणि तर्जनीत धरून चोळून पाहिला. खणाच्या तुकड्याला "गुळेदगुड्ड" म्हणाली, स्पष्ट. खण विणतात ते कर्नाटकातलं गाव. एका पातळ वॉइलच्या तुकड्याला "याला अस्तर लागंल". दीड तास आम्ही तेच केलं.

दुसऱ्या दिवशी मात्र सगळं बिघडलं. ती रात्रभर झोपली नव्हती. भिंतीवर मुंग्या दिसतायत म्हणत होती, मला बघून किंचाळली, वहिनींना नखं लागली. दुपारी बसूनच पेंगत होती, खाल्लं काहीच नाही. वहिनी म्हणतात, दोन-तीन दिवसांपासून थोडं असं सुरू आहे, आजार पुढे गेला असणार. मी तसाच निघालो. पहिल्या दिवशी माझ्याकडून काही जास्त झालं का?

ओटी_ठाणे | ९ ऑक्टोबर, रात्री ११.३५

तुमच्यामुळे झालेलं नाही. आत्ताच वहिनींना फोन करा, सकाळपर्यंत थांबू नका. अल्झायमर दोन-तीन दिवसांत अशी उडी घेत नाही. तो जिना हळूहळू उतरतो. एकाएकी गोंधळ, भास, दिवसा गुंगी, जेवण बंद, असं दिसलं तर आधी दुसरं कारण शोधायचं: लघवीचा जंतुसंसर्ग, छातीतला कफ, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, नवं औषध, पडून डोक्याला मार. याला डेलिरियम म्हणतात, ते तातडीचं असतं आणि पुष्कळदा बरं होतं. म्हाताऱ्या माणसाला लघवीच्या संसर्गात ताप येईलच असं नाही, जळजळ होतेय हे आत्याला सांगताही येणार नाही. डॉक्टरांना 'तीन दिवसांत बदललं' हे शब्द आवर्जून सांगा. झोपेची गोळी स्वतःच्या मनाने देऊ नका.

कृष्णाकाठ | १३ ऑक्टोबर, रात्री ९.००

लघवीचा संसर्गच निघाला. प्रतिजैविकं सुरू आहेत, कालपासून मुंग्या गेल्या. ओटी_ठाणे, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. मिरजेत दवाखान्यांना तोटा नाही, पण दाखवायचं आहे हेच आम्हाला कळलं नसतं.

ओटी_ठाणे | १४ ऑक्टोबर, सकाळी १०.१५

फार बरं वाटलं.

वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी आणखी थोडं. ज्यांच्या घरी अजून निदानच झालेलं नाही त्यांनी 'वय झालं' म्हणून सोडून देऊ नये. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही विसरभोळेपणा येतो आणि त्यावर उपचार आहेत. अल्झायमरवर मुळातून बरं करणारं औषध नाही, पण नाव कळलं की घरातली भांडणं तरी कमी होतात, 'मुद्दाम करते' हा समज जातो. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीच्या पुढच्या लोकांत स्मृतिभ्रंशाचं प्रमाण ७.४ टक्के आहे, म्हणजे साधारण ८८ लाख माणसं. प्रत्येकामागे एक तरी 'घरचीच' आहे. सांभाळणाऱ्यांना माहिती किंवा मदत हवी असेल तर सरकारची ज्येष्ठांसाठीची हेल्पलाइन १४५६७ आहे, फोन फुकट लागतो.

घरचीच | १४ ऑक्टोबर, दुपारी २.४०

'प्रत्येकामागे एक घरचीच' वाचून डोळे भरून आले.

सातवाहन | १९ ऑक्टोबर, रात्री १०.३०

रातराणींची वाट धरून पाहिली. आईने विचारलं, "हे कुठे आहेत?" मी म्हटलं, "आई, दादांचा स्कूटर सुरू करायचा प्रकार काय होता गं?" ती हसायला लागली. वडील स्कूटर सुरू करण्याआधी ती डावीकडे कलती करायचे आणि हँडलवर दोन चापट्या मारायचे, हे तिने हाताने करून दाखवलं. मला हे माहीत नव्हतं, मी तेव्हा तान्हा असणार. संध्याकाळी तिने परत विचारलं आणि त्या वेळी मला काहीच सुचलं नाही, नुसता तिचा हात धरून बसलो. पण खोटं बोललो नाही आणि ती रडलीही नाही.

कृष्णाकाठ | दिवाळीनंतर, रात्री ११.२५

भाऊबीजेला मिरजेत होतो. शाळेत असताना आत्या स्वतःच्या मुलाबरोबर मलाही पाटावर बसवायची आणि आत्तेबहिणीकडून ओवाळून घ्यायची. या वेळी चार दिवस राहिलो. वहिनी दोन दिवस माहेरी जाऊन आल्या, तीन वर्षांत पहिल्यांदा. जाताना त्यांनी मला एक वही दिली: किती वाजता काय देते, कशाला नाही म्हणते, नाही म्हटली की काय करायचं. चाळीस पानं भरली आहेत. रिकाम्या ताटाची युक्तीही त्यात होती. ती वही वाचून मला कळलं की आत्याला सगळ्यात जास्त ओळखणारं माणूस या घरात कोण आहे.

पहिली रात्र कठीण गेली. दोन वाजता ती उठून "क्लासला मुली आल्यात, दार उघड" म्हणत होती. मी दार उघडलं, बाहेर बघितलं आणि म्हटलं, "आज सुट्टी दिलीय गं त्यांना, दिवाळीची." ती म्हणाली, "मग बरं केलंस," आणि झोपली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मशीनच्या ड्रॉवरमधली टेप काढून तिच्या मांडीवर ठेवली. मनात काही योजलं नव्हतं, तुकड्यांसारखी हाताळेल एवढंच वाटलं. तिने ती गळ्यात टाकली, क्लासात टाकायची तशी. मग मला म्हणाली, "उभा राहा. ताठ. श्वास रोखू नको." मी तिच्या खुर्चीसमोर गुडघ्यांवर उभा राहिलो, म्हणजे तिच्या हाताला आलो. तिने दोन्ही हात माझ्याभोवती घालून टेप पाठीमागून पुढे आणली, छातीवर जुळवली, "अडतीस" म्हणाली. बाहीची लांबी घेतली. मनगट घेतलं. मग खांदा घेताना थांबली. डाव्या खांद्यावर हात तसाच ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मी दहा मोजले, वीस मोजले. मग म्हणाली, "खांदा उतरता आहे. आमच्या अण्णाचा असाच." आणि थोड्या वेळाने, "आत कापड सोडते. वाढतं अंग आहे."

माझं नाव तिने घेतलं नाही. मीही विचारलं नाही.

मालवणी_नात | दुसऱ्या दिवशी, सकाळी ९.०५

ऑफिसच्या बसमध्ये वाचतेय. काही लिहिता येत नाही.

घरचीच | दुसऱ्या दिवशी, दुपारी ३.१०

वहिनींना माझा नमस्कार सांगा. आणि त्या वहीची पानं इथे टाकता आली तर बघा, त्यांना विचारून. आमच्यासारख्यांना फार उपयोग होईल.

पेन्शनर | दुसऱ्या दिवशी, संध्याकाळी ५.५०

वाचून बंधूंकडे जाऊन आलो. एक शंका: टेप जुनी असेल तर ताणलेली असते, माप चुकतं. त्यांना नवी टेप नेऊन द्या.

कृष्णाकाठ | दुसऱ्या दिवशी, रात्री १०.४०

घरचीच, वहिनींना विचारलं, त्या हो म्हणाल्या. पानांचे फोटो मागवलेत, टंकून टाकतो.

पेन्शनर काका, टेपवरचे आकडे कधीच पुसलेत, निम्मी तर कोरी पिवळी झालीय. ती बघून मापत नाही, बोटांनी सरकवत मापते. घरी येऊन मी नव्या टेपने माप घेतलं. अडतीसच आहे.